धार काचेच्या मध्यावर

पहाटे 5. कल्याणला टोमॅटो उतरवून रिकामी गाडी घेऊन माळशेज चढत होतो. धुकं दाट, पाऊस मात्र भुरभुर. पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेला चिखल थेट काचेवर. वॉशरचं बटण दाबलं तर नोझलमधून पाणी नुसतं ओघळलं आणि बॉनेटवरच जिरलं. पुरेशा पाण्याशिवाय वायपरने चिखल पुसला नाही, फासला. ताशी 40 च्या वेगाला गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. तीन सेकंद काही दिसलं नाही म्हणजे 33 मीटर अंतर अंदाजाने कापलं, तेही कठड्यापलीकडे दरी असताना. गाडी जागा बघून कडेला घेतली, बाटलीतल्या पाण्याने काच धुतली आणि ठरवलं की हे काम आजच.

सकाळी 9. घरी येऊन दोन तास पडलो, मग गाडी घेऊन आळेफाट्याला मिस्त्रींकडे. गाडी 2009 ची. ब्रेक, क्लच, टायर वेळच्या वेळी बघतो. वॉशरची मोटर मात्र घेतल्यापासून पाहिलेली नव्हती.

सकाळी 10. टाकीच्या तळाशी रबरी बुचात बसवलेली मोटर ओढून काढली तसं सगळं पाणी खाली आलं आणि मागोमाग शेवाळाचा हिरवा गोळा. मोटरच्या तोंडची जाळी त्यानेच बुजली होती. वर बोअरचं पाणी, त्यामुळे नोझलच्या टोकाला क्षाराचा पांढरा खडा. तो बारीक सुईने निघाला.

जाळी साफ करून तीच मोटर लावली. धार आली, पण वीतभरच. मिस्त्रींनी मीटर लावला. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट, आणि बटण दाबल्यावर मोटरच्या टोकांवर जेमतेम नऊ.

“मोटर म्हातारी झालीय हे खरं,” ते म्हणाले, “पण दादा, नवी टाकली तरी ती उपाशीच राहणार. करंट वाटेतच मरतोय.”

मला हे सगळ्यात मोलाचं वाटलं. नुसती मोटर बदलली असती तर तक्रार तशीच राहिली असती. मोटरला लागणारा तीन-चार अँपिअरचा करंट स्टिअरिंगजवळच्या घासलेल्या बटणातून आणि डॅशबोर्डमागच्या जुन्या बारीक तारेतून यायचा.

दुपारी 12. त्याच बुचात बसणारी, पण जास्त दाबाची 12 व्होल्टची मोटर मिळाली. सोबत रिले, 10 अँपिअरचा फ्यूज, नवा पाइप, टी-जोड आणि एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हमुळे पाणी नोझलपर्यंत भरलेलं राहतं, बटण दाबताच धार सुटते.

दुपारी 1. रिलेचं 30 नंबरचं टोक फ्यूजमधून बॅटरीला, 87 मोटरला, 86 ला बटणाकडून येणारी जुनी तार, 85 अर्थला. अर्थसाठी मिस्त्रींनी बॉडीवरचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडला. आता बटण फक्त रिलेला इशारा देतं, मोटरचा भार त्याच्यावर येत नाही. टाकी भरल्याशिवाय त्यांनी बटणाला हात लावू दिला नाही. आतल्या सीलला पाणीच वंगण, कोरडी फिरवली की मोटर जाते.

पहिल्यांदा दाबलं तर पाणी रडत रडत आलं. प्लस-मायनस उलट लागलं होतं. उलटी फिरली तरी अशी मोटर थोडं पाणी फेकते, दाब मात्र देत नाही. तारा फिरवल्या आणि दोन्ही धारा काचेवरून टपावर गेल्या. नोझलमधला गोळा सुईने खाली वळवून त्या काचेच्या मध्यावर आणल्या. चालत्या गाडीत वारा धार दाबतो, म्हणून त्यांनी ती बोटभर वर ठेवली. इंजिन चालू असताना मोटरवर तेरा व्होल्ट दिसले.

दुपारी 3. घरी जेवण. टाकीत गाळलेलं पावसाचं पाणी भरलं. भांड्यांचा साबण घालत नाही, काचेवर फेस राहतो.

संध्याकाळी 5. नारायणगावच्या बाजारात क्रेट भरले.

रात्री 10. माळशेज उतरताना समोरून आलेल्या गाडीने चिखल मारला. बटण दाबलं, वायपरच्या दोन फेऱ्यांत काच स्वच्छ. पुढच्या वळणावरचा पांढरा पट्टा लांबून दिसला.

घाटात गाडी घालणाऱ्या प्रत्येकाला सांगणं आहे: निघण्याआधी एकदा वॉशरचं बटण दाबून बघा, आणि धार काचेच्या मध्यापर्यंत पोचत नसेल तर ते काम आधी करून घ्या.