एकच भाग, मग पेपर

गेल्या जानेवारीत दहावीच्या पूर्वपरीक्षेचे ६२ पेपर आमच्या टेबलावर बांधून ठेवलेले होते. आठ दिवसांत तपासून द्यायचे होते. आम्ही भिवंडीतल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. आमच्या बहुतेक मुलांच्या घरात मराठी बोलली जात नाही, त्यामुळे एकेका निबंधाला लाल शाई बरीच लागते. काम जड असते.

त्याच आठवड्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाची वही कोरी निघाली. विचारले तर मान खाली. बऱ्याच वेळाने म्हणाला, "सर, रात्री 'सोलो लेव्हलिंग' वाचत होतो. एकच भाग वाचणार होतो." आम्ही त्याला चांगलेच बोललो. घरी आल्यावर, इशाची नमाज झाली आणि हे आहे तरी काय, म्हणून आम्हीही मोबाइल उघडला. घड्याळ पाहिले तेव्हा तीन वाजले होते. गठ्ठ्याची सुतळी तशीच होती आणि सकाळी फजर कजा झाली.

ज्या पालकांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही मोबाइलवर वाचायची चित्रकथा. बोटाने वर सरकवत जायचे, भाग संपला की पुढचा तयार. मूळ कोरियन कादंबरी; तिच्यावरची चित्रमालिका २०१८ साली सुरू झाली आणि मुख्य कथा २०२१ मध्ये १७९ भागांत संपली. नायक सुंग जिन-वू हा सर्वांत दुबळा शिकारी. एक अदृश्य यंत्रणा त्याला रोजचे काम लावून देते: १०० जोर, १०० उठाबशा, १० किलोमीटर धावणे. काम केले की ताकद वाढते, पातळी चढते. चुकवले तर शिक्षा म्हणून वाळवंटात, राक्षसी गोमांच्या तावडीत. पात्र घ्यायचे, गुण कमवायचे, पातळी चढायची, ही रीत १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाने रूढ केली. आज अशा चित्रकथा ढिगाने आहेत.

म्हणजे रोजचे काम न चुकवणाऱ्या नायकाची गोष्ट वाचण्यासाठी गुरू आणि शिष्य दोघेही आपापले रोजचे काम चुकवत होते!

आमच्या अम्मींना हे सांगितले तर त्या हसल्या. म्हणाल्या, "तुझे नानाही असेच होते." नाना यंत्रमागावर कामाला होते. इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' रोजच्या भाड्याने आणायची, पाळी सुटली की ओट्यावर एकाने मोठ्याने वाचायची, दहाजणांनी ऐकायची. दिवे लागले की पुस्तक मिटायचे, कारण वाचणाऱ्याला घरी जेवायला जायचे असे आणि रात्रपाळीवाल्यांना कामावर.

खरे तर आपल्या घरांना हा नाद नवा नाही. अकबर बादशहाने तरुणपणी 'हमजानामा' चित्रित करवून घेतला. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद या इराणी उस्तादांच्या देखरेखीखाली कापडावर सुमारे १४०० मोठी चित्रे झाली. कामाला जवळपास १५ वर्षे लागली. चित्रांच्या मागे कथा लिहिलेली. चित्र समोर धरून कथा ऐकवली जात असावी, असे अभ्यासक मानतात. पुढे १८८३ पासून लखनौच्या नवलकिशोर प्रेसने 'तिलिस्मे होशरुबा'चे जाडजूड खंड छापले. जगातली कोणतीही वस्तू जिच्यात मावते ती उमर अय्यारची झंबील आणि आजच्या खेळातल्या नायकाची अदृश्य पोतडी, यांत आम्हाला तरी फरक दिसत नाही.

मग फरक कुठे आहे? दास्तानगो थकत असे, श्रोत्यांना झोप येत असे, मैफल उठत असे. चांदोबा किंवा उर्दूतला 'खिलौना' महिन्यातून एकदा येई. थांबवणारे कुणीतरी बाहेर होते. आता पांघरुणात एकटे मूल आणि त्याचा अंगठा, एवढेच उरले आहेत.

दुसरी गोष्ट आम्हाला स्वतःकडे पाहून कळली. आम्ही गोष्टीच्या ओढीने जितके वाचत होतो, तितकेच गठ्ठ्याच्या धास्तीने वाचत होतो. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ टिमथी पिचिल यांनी चालढकलीचा बराच अभ्यास केला आहे. त्यांचे म्हणणे असे की, चालढकलीचे मूळ वेळेच्या हिशेबापेक्षा मनाच्या अस्वस्थतेत असते. नको वाटणाऱ्या कामापासून माणूस घटकाभर सुटका शोधतो. सुटका मिळते, काम मात्र आणखी जड होते. त्या मुलालाही मराठीची भीतीच होती. आम्ही त्याला आळशी म्हटले होते.

पेपर आम्ही नऊ दिवस उशिरा दिले. एका मुलीने आपला पेपर दोनदा उलटून पाहिला. पत्रलेखनात तिने मायना चुकीचा लिहिला होता, आणि नंतरच्या सराव पेपरातही तीच चूक केली होती. ती हळूच म्हणाली, "सर, हे आधी कळले असते तर..." पुढे बोलली नाही. आमच्या तीन-चार रात्रींची किंमत तिने मोजली होती. आम्ही तिची माफी मागितली. वर्गासमोर मागायला हवी होती, तेवढे धैर्य झाले नाही.

नंतर त्या मुलाला बोलावून आमची हकिकत सांगितली. तो आधी चकित झाला, मग विचारू लागला, "सर, कितव्या भागावर आहात?" आम्ही दोघांनी करार केला. मगरिबनंतर मोबाइल अम्मीच्या खोलीत. आधी रोजचे काम: त्याने एक उतारा सोडवायचा, आम्ही सहा पेपर तपासायचे. सुरुवात सर्वांत सोप्यापासून, म्हणजे हात चालू लागतो. मग दोन भाग, तेही बैठकीत सर्वांसमोर बसून. आणि चुकले तर? तो म्हणाला, "सर, आपले वाळवंट मार्चमध्ये आहेच."

करार दोघांकडूनही अधूनमधून मोडला. पण वही कोरी राहिली नाही. पालकांना एवढेच सांगावेसे वाटते: मोबाइल हिसकावण्याआधी मूल कोणत्या विषयापासून पळते आहे, ते विचारा. त्याच्याजवळ बसून एक भाग वाचा. तो संपला की थांबवायला तुम्ही तिथे असाल.

यंदाचा गठ्ठा काल आला. ६७ पेपर आहेत. सुतळी सोडली आहे आणि सहा तपासून झाले आहेत.