सूचना आधी, संकट मागाहून

आपल्या वाडवडिलांच्या पेढीवर हुंडीचा मजकूर दर वेळी नव्याने रचला जात नसे. शब्द परंपरेने ठरलेले असत. नाव, रक्कम व मुदत एवढेच काय ते भरावयाचे. घाईत चूक होऊ नये व वाचणाराच्या मनात संशय राहू नये, हा त्यामागील हेतू. शाळांच्या संकेतस्थळांवरील तातडीच्या सूचनांनाही हाच नियम लागू करावा, असे आम्हांस सुचवावयाचे आहे. आपल्यांपैकी कित्येक बंधुभगिनी शिक्षणसंस्थांच्या कार्यकारी मंडळांवर आहेत, म्हणून हे निवेदन.

2019 च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा व मलप्रभा यांच्या महापुराने बेळगाव जिल्ह्याची काय दैना केली, हे विसरणे शक्य नाही. अशाच एका पावसाळी दुपारी आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी मुलीला आणण्यासाठी वाहत्या पाण्यात दुचाकी घातली. मुलगी शाळेच्या वरच्या मजल्यावर सुखरूप होती. शाळेच्या संकेतस्थळावर मात्र स्नेहसंमेलनाची छायाचित्रे तेवढी झळकत होती. गृहस्थ बचावले, ते दैवाने. एका वाक्याच्या अभावी एका घराचा आधार जाऊ पाहत होता.

संकट खोटे असले तरी धावपळ खरीच असते. 1 डिसेंबर 2023 रोजी बेंगळुरूच्या चाळीसहून अधिक शाळांना बाँबची धमकी आली. ती पोकळ ठरली. परंतु तोपर्यंत धास्तावलेले पालक शाळांच्या फाटकांशी धावले होते.

पूर्वतयारीच्या अभावाचे बोलके उदाहरण अमेरिकेतील हवाई बेटांचे आहे. 13 जानेवारी 2018 रोजी सकाळी 8 वाजून 7 मिनिटांनी तेथील नागरिकांच्या भ्रमणध्वनींवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा चुकून गेला. ‘इशारा चुकीचा होता’ हे सांगणारा मजकूर तयार नव्हता. भ्रमणध्वनींवर तो पोहोचण्यास 38 मिनिटे लागली. गव्हर्नर डेव्हिड इगे यांना चूक दोन मिनिटांतच कळली होती. परंतु आपल्या ट्विटर खात्याचा परवलीचा शब्द त्यांना ठाऊक नव्हता! तिजोरी भरलेली, पण किल्ली कोठे ते ठाऊक नाही, अशातला हा प्रकार.

तेव्हा शाळेने पाच मसुदे शांतपणी लिहून ठेवावेत: शाळेस सुट्टी, शाळा लवकर सुटणार, मुले शाळेतच सुरक्षित, मुले अन्य ठिकाणी हलविली, आणि पाचवा, संकट टळले अथवा आधीची सूचना चुकीची होती. नमुना असा: “आज दि. — रोजी — वाजता — या कारणाने मुलांना शाळेतच थांबविले आहे. सर्व मुले सुखरूप आहेत. पालकांनी शाळेकडे येऊ नये. पुढील सूचना — वाजता देऊ.” रिकाम्या जागा तेवढ्या आयत्या वेळी भराव्यात, आणि जे पडताळलेले नाही, ते वाक्य खोडावे.

मजकूर मराठी, कन्नड व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत असावा. तो संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर, चित्रांवाचून यावा, म्हणजे मंद जोडणीवरही उघडेल. परवलीचा शब्द निदान तिघांपाशी असावा व वीज गेली तरी भ्रमणध्वनीवरून सूचना लावता यावी. ज्यांच्या घरी संकेतस्थळ पाहण्याची सोय नाही, अशा हमाल-चालक बंधूंना तोच मजकूर लघुसंदेशाने जावा. प्रसंग सरताच जुनी सूचना उतरवावी. शिळ्या सूचनेने नवीवरचाही विश्वास उडतो. जूनमध्ये शाळा उघडताच एकदा व जानेवारीत एकदा याची रंगीत तालीम घ्यावी.

या कामास फारसा खर्च नाही. एका दुपारची बैठक पुरे. यंदा वहीपूजन आटोपल्यावर, त्याच आठवड्यात, आपण ज्या शाळेशी संबंधित आहात तेथील मुख्याध्यापकांस भेटावे व “पाच मसुदे तयार आहेत काय?” एवढेच विचारावे, अशी समस्त सभासदांस आमची नम्र विनंती आहे.