अंतर किलोमीटरचे, हिशेब तासांचा

हुपरीच्या चांदीच्या पैंजणांनी दूरदूरच्या पेठा कधीच पाहिल्या. आता या परिसरातील घरांतून मुले-मुली परदेशी स्थायिक होऊ लागली आहेत आणि त्यांना भेटण्यासाठी आई-वडीलही विमानाची वाट धरू लागले आहेत. अशा प्रवाशाने तिकिटावरील वेळांचा अर्थ आधी समजून घेणे हिताचे.

कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झाला. तेथून मुंबई रस्त्याने सुमारे ३८० किलोमीटर, पण सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर. हवाई अंतर रस्त्याने मोजायचे नसते. लांबच्या प्रवासात तर ते सपाट नकाशावरही मोजता येत नाही. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो सरळ पश्चिमेस न जाता वायव्येकडे झुकतो आणि ६० अक्षांशाच्याही उत्तरेस पोहोचतो. सर्वांत जवळचा मार्ग तोच.

मात्र जवळचा मार्ग लवकर पोहोचवतोच असे नाही. सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. पूर्वेस जाणाऱ्या विमानाला ते पुढे ढकलतात, पश्चिमेस जाणाऱ्याला अडवतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेले. अंतर १३,९०० वरून १५,३०० किलोमीटर झाले, तरी सुमारे साडेचौदा तासांत, म्हणजे जवळजवळ दोन तास लवकर, प्रवास पुरा झाला. याउलट एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद झाली आणि पश्चिमेकडील अनेक फेऱ्यांना वळसा पडला.

तिकिटावरील वेळा त्या त्या गावच्या असतात. समजा, विमान मुंबईहून रात्री दोनला निघून न्यूयॉर्कला सकाळी आठला उतरते. वरवर सहा तास दिसतात. हिवाळ्यात दोन्ही शहरांत साडेदहा तासांचा फरक असतो, तो मिळविला की खरा प्रवास साडेसोळा तासांचा ठरतो. उन्हाळ्यात तेथील घड्याळे एक तास पुढे करतात, तेव्हा हा फरक साडेनऊ तासांचा होतो.

रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्यांसाठी आणखी एक हिशेब आहे. ६० अक्षांशावर पृथ्वीच्या फिरण्याचा वेग ताशी सुमारे ८३५ किलोमीटर असतो आणि विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर जाते. म्हणून तेथे दिवसा पश्चिमेस उडणाऱ्याला सूर्य जणू थांबलेला दिसतो. पूर्वेस येताना मात्र दिवस झपाट्याने संपतो आणि जेवणाची गाडी येण्यापूर्वीच सूर्यास्त होऊ शकतो. व्रताचा निर्णय ज्याचा त्याने करावा. परंतु परतीच्या प्रवासात कोरडा फराळ जवळ असावा. जैन भोजनाची मागणी बहुतेक कंपन्यांकडे किमान २४ तास आधी नोंदवावी लागते. तिकीट हाती येताच ती नोंदविणे उत्तम. विमान आकाशात गेल्यावर ती सोय करता येत नाही.