आजोबा कोणते, नातू कोणता?

पनवेलहून माथेरानच्या रस्त्यानें निघालें म्हणजे नवीन पनवेल संपतां संपतां सुकापूर लागतें. भाताचीं खाचरें जाऊन तेथें आतां इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. बिऱ्हाडें येतात, वर्षा-दोन वर्षांनीं हलतात. नांवें मात्र मतदारयादींत मागें राहतात. पनवेल मतदारसंघांतील दुबार नांवांचा वाद इ. स. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या सुमारास गाजला, यांत नवल तें काय?

एका व्यक्तीची नोंद एकाच ठिकाणीं असावी, असें इ. स. १९५० चा लोकप्रतिनिधित्वाचा कायदाच सांगतो. तेव्हां दुबार नांवें काढावींत, याविषयीं दुमत नाहीं. वाद आहे तो दुबार ओळखावें कसें, याचा.

आपल्या घरांतलेंच उदाहरण घेऊं. नातवास आजोबांचें नांव ठेवण्याची चाल आपणांत जुनी आहे. समजा, रामचंद्र गोविंद यांचा मुलगा गोविंद रामचंद्र, आणि नातू पुनः रामचंद्र गोविंद. नांव, वडिलांचें नांव, आडनांव, घर, सर्व एकच! केवळ अक्षरें जुळविणारें यंत्र येथें हटकून फसेल, आणि कदाचित् वारलेल्या आजोबांऐवजीं जिवंत नातवाचें नांव खोडलें जाईल. याच्या उलट सुनेचें. माहेरच्या यादींत तिचें एक नांव, सासरच्या यादींत दुसरें. खरीच दुबार नोंद, पण यंत्राच्या डोळ्यांस ती दिसत नाहीं.

जन्मतारीख जोडली म्हणजे भागलें, असें कोणी म्हणेल. परंतु कोणत्याहि २३ माणसांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशीं येण्याचा संभव निम्म्याहून अधिक असतो, असें गणित सांगतें. मग कोट्यवधींच्या यादींत नांव व जन्मतारीख दोन्ही जुळणारीं भिन्न माणसें निघणारच. अमेरिकेंत कान्सास राज्यानें चालविलेली ‘क्रॉसचेक’ योजना याच दोन खुणांवर उभी होती, ती इ. स. २०१९ मध्यें स्थगित झाली. तिनें सुचविलेल्या एका रीतीनें नांवें खोडलीं, तर एक दुबार मत रोखतांना सुमारें ३०० रास्त मतांस अडथळा येईल, असें इ. स. २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत तज्ज्ञांनीं दाखविलें.

आपल्या राज्य निवडणूक आयोगानें इ. स. २०२५ मध्यें स्थानिक निवडणुकांकरितां संशयित नांवांपुढें दोन तारका छापण्याचा मार्ग धरला. अशा मतदारानें आपण कोठें मत देणार तें कळवावें. न कळविल्यास, अन्यत्र मत दिलेलें नाहीं व देणारहि नाहीं, असें केंद्रावर लिहून द्यावें. आम्हांस यांतील तत्त्व पटतें. तारका म्हणजे संशय, निकाल नव्हे. यंत्रानें बोट दाखवावें. निर्णय मात्र दारांत जाऊन, माणसास विचारूनच व्हावा.

आणि या कामीं घरानेंहि हात लावावयास नको काय? एखाद्या संध्याकाळीं कर्त्या मंडळींनीं यादी उघडून बसावें. वारलेल्या वडील माणसांचें नांव वगळण्यास नमुना ७ आहे. सासरीं गेलेल्या लेकीची नोंद नव्या घरीं नेण्यास नमुना ८ आहे. आजोबा कोणते व नातू कोणता, हें घरच्यांइतकें नेमकें दुसरें कोण सांगणार?