ग्वाल्हेरच्या वर्गातील खडू आणि सूर

गायन शिकविणारे गुरुजी देवाघरी गेले, की कित्येक गावांत त्यांच्याबरोबर गीतांच्या चालीही जातात. शब्द पुस्तकात राहतात. सूर राहत नाही. सणाच्या मिस्साला जुने गीत घ्यावयाचे ठरले, की आपल्या गायनमंडळांना याचा प्रत्यय येतो. हीच अडचण एकेकाळी मोठ्या प्रमाणावर ग्वाल्हेरीस होती. ती तेथे कशी सोडविली गेली, ते आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ग्वाल्हेर ही शिंदे सरकारची राजधानी व ख्यालगायनाचे माहेरघर. तेथील हद्दूखाँ व हस्सूखाँ हे बंधू तरुणपणी बडे महंमदखाँ यांचे गाणे पडद्याआड बसून ऐकत व आत्मसात करीत, अशी कथा परंपरेने सांगतात. कथेतील अलंकार वगळले तरी एवढे खरे, की विद्या एक तर चोरावी लागे, नाहीतर गुरुगृही वर्षानुवर्षे सेवा करून मिळवावी लागे. शिष्यापाशी कान आणि स्मरणशक्ती यांवाचून दुसरे साधन नसे.

ते साधन मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी दिले. देशभर हिंडून त्यांनी बंदिशी गोळा केल्या व त्या लिहिण्याची सोपी लिपी बसविली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ; मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर; तालातील समेला फुली. चौथीतील मुलालाही ही चिन्हे चार दिवसांत ओळखता यावीत! माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने १९१८ साली ग्वाल्हेरीस माधव संगीत विद्यालय उघडले, ते याच पद्धतीने वर्गात गाणे शिकविण्यासाठी.

परंतु त्याआधी घडलेली गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. ग्वाल्हेरच्या काही गायकांना प्रथम मुंबईस भातखंड्यांकडे पाठविण्यात आले. त्यांत राजाभैया पूछवाले होते. त्यांचा जन्म १८८२ चा, म्हणजे वय पस्तिशीचे. गाणे त्यांना येत होतेच. शिकावयाचे होते ते फळ्यापुढे उभे राहून शिकविणे. मुरलेले गवई एका वकिलापुढे पुन्हा विद्यार्थी होऊन बसले! पुढे राजाभैयाच त्या विद्यालयाचे प्राचार्य झाले. गुरुजी प्रशिक्षणाला गेले की “मुलांचा आजचा दिवस फुकट गेला” अशी कुरकुर आपण पालक करतो. त्यात आम्हीही आलोच.

ख्रिस्तसभेला ही कल्पना अपरिचित नाही. अकराव्या शतकात इटलीतील आरेत्सो येथे गुईदो नावाचे मठवासी गायकमुलांना शिकवीत. संत योहान बाप्तिस्ता यांच्या एका लॅटिन स्तोत्राच्या चरणांतील आद्य अक्षरांवरून त्यांनी स्वरांना नावे दिली आणि रेघांवर स्वर मांडले. पूर्वी कधी न ऐकलेले स्तोत्र मुलांना नुसते पाहून गाता यावे, हा त्यांचा हेतू. शिकविलेले पाठ म्हणणे निराळे; न शिकविलेले स्वतः वाचून काढणे निराळे.

लिपीलाही मर्यादा आहेच. दरबारी कानड्यातील गंधार कोमल, म्हणून त्याखाली रेघ येते. पण तो गंधार ज्या संथपणे झुलतो, ते झुलणे रेघेत मावत नाही. ते ऐकवावयाचे, तर गुरुजींना हातातला खडू खाली ठेवून गावेच लागते.