बनी तो बनी, नहीं तो परभणी

परभणीच्या माणसाला दोन म्हणी तोंडपाठ असतात. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही पहिली. ती छाती पुढे काढून सांगायची. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही दुसरी. ती गाव सोडून निघताना हसत म्हणायची. बाहेर जमले तर ठीक, नाही जमले तर आपले गाव आहेच!

पहिल्या म्हणीत गावाचा अभिमान आहे, दुसरीत गावावरचा भरवसा. आमच्या मते व्यापारी आणि कारागीर बंधूंनी दुसऱ्या म्हणीचा जास्त विचार करायला हवा. गाव ही जर वेळेला उपयोगी पडणारी ठेव असेल, तर त्या ठेवीत भर कोण घालतो आणि तिचा हिशेब कोण ठेवतो, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

वाट जुनी, माणसे नवी

या जिल्ह्यातून बाहेर पडणे नवे नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, म्हणून जुनी वाट हैदराबादची. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि मुंबई-पुण्याची वाट रुळली. पुढे आखाती देशांची दारे उघडली. परभणी, पाथरी, सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड, पूर्णा यांपैकी कुठेही विचारा. कोणाचा भाऊ पुण्याला वेल्डर, कोणाचा मुलगा हैदराबादला दुकानात, कोणाचा जावई सौदीत ड्रायव्हर.

ही मंडळी गावाला विसरलेली नाहीत. घरी पैसा येतो, लग्ने होतात, दुमजली घर उभे राहते. पण त्या घराला वर्षातले बहुतेक दिवस कुलूप असते आणि त्याच गल्लीतला शिंपी, लोहार, पिंजारी कामाची वाट पाहत बसलेला असतो. बाहेरचा पैसा गावात येतो, सिमेंट आणि सोन्यात जातो आणि तिथेच थांबतो. गावाच्या धंद्यात तो फिरत नाही.

परदेशाचा भरवसा किती?

परदेशातली कमाई कायमची नसते, याचे दोन दाखले देतो.

पहिला आफ्रिकेचा. नायजेरिया देशाच्या नैऋत्येला योरुबा नावाचा मोठा समाज आहे. त्यात मुसलमानही आहेत आणि ख्रिस्तीही, कित्येकदा एकाच कुटुंबात. व्यापारात हे लोक फार हुशार. ओग्बोमोशो, इलोरिन अशा गावांचे योरुबा व्यापारी शेजारच्या घाना देशात पिढ्यान्‌पिढ्या दुकाने चालवीत होते. नोव्हेंबर १९६९ मध्ये घाना सरकारने हुकूम काढला, की राहण्याचा परवाना नसलेल्या परदेशी लोकांनी चौदा दिवसांत देश सोडावा. भरली दुकाने मिळेल त्या भावाला विकून, उधारी बुडवून हजारो कुटुंबे निघाली. गावी घर, नातीगोती आणि गावकीत मान राखलेल्या माणसाला पुन्हा उभे राहायला निदान जागा होती. ज्याने गावाशी काहीच ठेवले नव्हते, तो आपल्याच गावात परका ठरण्याची वेळ होती.

दुसरा दाखला आपल्या घरचा. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले. त्यानंतर सुमारे १ लाख ७० हजार हिंदी लोकांना विमानांनी परत आणावे लागले. त्यांतल्या कित्येकांची बचत कुवेतच्या बँकांत अडकली होती. २०२० सालच्या कोरोनात हाच अनुभव लहान प्रमाणात पुन्हा आला. 'नहीं तो परभणी' म्हणण्याची पाळी कोणावर कधी येईल, हे सांगता येत नाही. म्हणून गावात लावलेला पैसा हा गावावर केलेला उपकार समजू नये. तो स्वतःच्या परतीच्या वाटेचा खर्च आहे.

सणातून कामाची मागणी

योरुबा लोकांपासून शिकण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. त्यांचे इजेबू-ओडे नावाचे शहर आहे. तिथे बकरी ईदच्या तिसऱ्या दिवशी 'ओजुदे ओबा' नावाचा मोठा मेळा भरतो. या शब्दांचा अर्थ राजाचे अंगण. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी, धर्म पाळण्याची मोकळीक दिली म्हणून तिथले मुसलमान राजाचे आभार मानायला जाऊ लागले, त्यातून हा रिवाज पडला. आज त्यात ख्रिस्तीही असतात. लागोस, लंडन, अमेरिका इथे स्थायिक झालेली मंडळी त्या दिवसासाठी गावी येतात. तिथले राजे सिकिरू अदेतोना १९६० पासून जुलै २०२५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत गादीवर होते. त्यांच्या काळात या मेळ्याची कीर्ती देशाबाहेर गेली.

धंद्याच्या नजरेने पाहिले तर खरी गंमत पुढे आहे. तिथे जवळपास एका वयाच्या लोकांची मंडळे असतात. प्रत्येक मंडळ मेळ्यासाठी एकसारखे कापड ठरवते आणि सगळे सभासद तेच शिवून येतात. 'असो-ओके' नावाचे त्यांचे हातमागाचे कापड अरुंद पट्ट्यांत विणतात आणि पट्ट्या जोडून वस्त्र करतात. इसेयिन हे गाव त्या विणकामासाठी प्रसिद्ध आहे. एका मंडळाने कापड ठरवले की विणकर, रंगारी, शिंपी, टोपीवाला, मणी ओवणारा अशा सगळ्यांच्या हाताला काम लागते. याच मंडळांतून गावाच्या कामासाठी वर्गणीही गोळा होते. म्हणजे मिरवायचे ते मिरवतात, पण त्या मिरवण्याचा पैसा कारागिराच्या घरात पोचतो.

कोकणची जमात

इतक्या दूर जायचे नसेल तर कोकण पाहा. रत्नागिरी आणि रायगडचा मुसलमान जहाजावर गेला, दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनला गेला, आखातात गेला. पण गावाची जमात त्याने सोडली नाही. कित्येक गावांच्या जमातीची शाखा मुंबईत असते. तिथे वर्गणी जमते, वही राहते, गावच्या शाळेचा आणि रस्त्याचा विषय निघतो. मुंबईत १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम स्थापन झाली, तेव्हा तय्यबजी बंधूंच्या बरोबरीने कोकणी व्यापारी नाखुदा मोहम्मद अली रोघे उभे होते. कमाई समुद्रावरची आणि खर्च शिक्षणावर, ही त्या पिढीची रीत. मराठवाड्यात पैसा कमी असेल, पण बारा महिने चालणारी वही ठेवायला श्रीमंती लागत नाही.

उरुसाचा पंधरवडा

आता परभणीकडे वळू. हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस दर वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात भरतो. सर्व धर्मांचे लोक येतात. बाहेर राहणारा परभणीकर रजा काढतो ती याच दिवसांत. तारीख आधीपासून ठाऊक, गिऱ्हाईक स्वतः गावात आलेले, खिशात चार पैसे आणि मनात गावाचे प्रेम! व्यापाऱ्याला याहून चांगला हंगाम कोणता हवा?

आमची सूचना साधी आहे. दहावीला एकत्र असलेल्या मित्रांचे गट मोबाईलवर आहेतच. अशा एखाद्या गटाने नोव्हेंबरातच ठरवावे, की यंदा उरुसाला सगळ्यांचे कुर्ते एका रंगाचे आणि ते गावच्या शिंप्याकडूनच. दुसऱ्या गटाने रजया सांगाव्यात. हा जिल्हा कापसाचा. दसऱ्यानंतर कापूस बाजारात येतो, थंडीही तेव्हाच पडते, आणि मन्सुरी बंधूंच्या हातची गादी-रजई पुण्यातल्या फ्लॅटमध्येही लागतेच. मुंबई-हैदराबादच्या बाजारातून गावाकडे भेटी आणण्याऐवजी गावातून भेटी घेऊन जाव्यात.

पण कारागिरांनाही चार शब्द सांगितले पाहिजेत. बाहेरच्या गिऱ्हाइकाची तक्रार ठरलेली असते: माल वेळेवर मिळत नाही आणि भाव ऐन वेळी बदलतो. तेव्हा नमुना दाखवा, भाव कागदावर लिहून द्या, अर्धी रक्कम आगाऊ घ्या आणि दिलेला वायदा पाळा. एकदा वायदा मोडला, की पुढच्या वर्षी गावाचे प्रेमही ते गिऱ्हाईक परत आणू शकणार नाही.

पैसा कसा आणावा

समजा, एका मोहल्ल्यातले ४० जण बाहेर आहेत आणि प्रत्येकाने महिन्याला ५०० रुपये दिले, तर वर्षाला २ लाख ४० हजार रुपये होतात. एवढ्यात कारागिरांसाठी यंत्रे घेता येतील, मुलींच्या शिवणवर्गाचे भाडे निघेल, एखाद्या मुलाची तंत्रशिक्षणाची फी भरता येईल. मात्र कायद्याच्या चार गोष्टी आधी समजून घ्याव्यात.

संस्था काढायची तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंद करून घ्या आणि दर वर्षी हिशेब तपासून घ्या. परदेशात राहणारा, पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस आपल्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देत असेल, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत मात्र दप्तरी ठेवावी. ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले, त्याची देणगी संस्थेला केंद्र सरकारच्या विदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय घेता येत नाही, मग तो जन्माने परभणीचा का असेना. हुंडी-हवाल्याच्या वाटेला जाऊ नये. दोन पैसे वाचतात आणि संस्था गोत्यात येते.

देणगीऐवजी धंद्यात पैसा लावायचा असेल, तर नफ्या-तोट्याची भागीदारी करा आणि ती लेखी करा. घरचाच माणूस आहे, लिहायचे कशाला, या भिडेपोटी भावाभावांत वैर आलेले आम्ही पाहिले आहे. कर्जाऊ रक्कम २० हजार किंवा जास्त असेल तर रोख घेणे आयकर कायद्यात बसत नाही, ती बँकेतूनच घ्यावी.

वही उघडा

वाचकांपैकी कोणी म्हणेल, आधी पोटाचे पाहू, गावाचे नंतर. त्यांना आम्ही विचारतो, घानातून चौदा दिवसांत निघालेल्या व्यापाऱ्याला 'नंतर' मिळाला होता का? गावात धंदा जिवंत असेल तरच परत येणाऱ्याला काम मिळेल. कारागिरांनी हात सोडून दिले आणि त्यांची मुलेही त्याच गाडीने निघून गेली, तर 'नहीं तो परभणी' म्हणून परतणाऱ्याला फक्त कुलपे भेटतील.

तेव्हा येत्या उरुसाआधी प्रत्येक मोहल्ल्याने एक वही घालावी. पहिल्या पानावर बाहेर असलेल्यांची नावे, दुसऱ्यावर गावातल्या कारागिरांची, त्यांच्या कामाची आणि भावाची नोंद. उरुसाच्या दिवसांत दोन्ही पानांवरची माणसे एका बैठकीत समोरासमोर बसवावीत. चहाचा खर्च सोडला तर याला भांडवल लागत नाही.