झोपलेल्या क्षयाला कोण जागे करते?

क्षयरोगाबद्दल आपल्या वस्त्यांतून दोन समज घट्ट रुजलेले आहेत. एक, हा खानदानी रोग आहे. आज्याला होता, बापाला झाला, म्हणून पोराला होणारच. दुसरा, हा प्राक्तनाचा भोग आहे. पहिल्या समजापायी लेकीबाळींची ठरलेली लग्ने मोडतात, खोकणारी सून माहेरी धाडली जाते. दुसऱ्यापायी माणूस दवाखान्याऐवजी देवऋषाचा उंबरा झिजवतो. दोन्ही समज खोटे आहेत. परंतु नुसते खोटे म्हणून भागत नाही. एकाच घरात वीस-तीस वर्षांच्या अंतराने हा रोग पुन्हा का उगवतो, याचा उलगडा केल्याशिवाय ते मोडणार नाहीत.

जुन्या वैद्यकाने या रोगाला राजयक्ष्मा म्हटले. दक्षाच्या शापाने तो चंद्राला जडला, अशी कथा चरकसंहितेत येते. राजाचे नाव मिरवणारा हा रोग मुक्कामाला मात्र राबणाऱ्यांच्या घरी राहिला. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने क्षयाचा जंतू सापडल्याचे बर्लिनमध्ये जाहीर केले आणि शापाची कथा तेथेच संपली. शाप नाही, प्राक्तन नाही, रक्ताचा वारसाही नाही. एक जंतू आहे आणि तो हवेतून येतो.

फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकतो तेव्हा बारीक तुषारांबरोबर जंतू बाहेर पडतात. कोंदट, अंधाऱ्या खोलीत ते बराच वेळ हवेत तरंगतात. शेजारच्या माणसाच्या श्वासाबरोबर ते त्याच्या फुप्फुसात उतरतात. तेथे शरीरातील भक्षक पेशी त्यांना गिळतात. पण हा जंतू असा चिवट की गिळणाऱ्या पेशीच्या पोटातही तो जगू शकतो. मग शरीर दुसरी फळी उभी करते. पांढऱ्या पेशींचा वेढा पडतो आणि जंतूंभोवती एक सूक्ष्म गाठ तयार होते. आत प्राणवायू कमी, अन्न कमी. जंतू मरत नाही, वाढतही नाही. आपला व्यवहार आवरून पडून राहतो. यालाच सुप्त संसर्ग म्हणतात. असा माणूस आजारी नसतो. त्याला खोकला नसतो, ताप नसतो आणि त्याच्यापासून कोणालाही रोग लागत नाही. संसर्ग आणि रोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही या विषयातील पहिली पायरी आहे.

असा जंतू अंगात बाळगणारे थोडे नाहीत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरील भारतीयांत शंभरांपैकी सुमारे ३१ जणांत संसर्गाची खूण आढळली. त्यात सर्व जातींचे, सर्व थरांचे लोक आले. मात्र संसर्ग झालेल्या शंभरांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. बाकीचे नव्वद जण जंतू बरोबर घेऊनच म्हातारे होतात. धोका पहिल्या दोन वर्षांत सर्वांत जास्त, पण तो पुढेही पुरता संपत नाही. डेन्मार्कमध्ये १९६१ साली एका बापाला झालेल्या क्षयाचे जंतू जतन करून ठेवले होते. १९९४ साली त्याच्या मुलाला क्षय झाला. दोघांचे जंतू ताडून पाहिले तेव्हा ते एकच निघाले. तेहतीस वर्षे तो जंतू मुलाच्या छातीत झोपून होता. आपल्याकडे यालाच ‘खानदानी रोग’ म्हटले गेले असते. प्रत्यक्षात बापाकडून मुलाकडे आले होते ते रक्त नव्हे. एका छपराखालची हवा होती.

मग हा जंतू जागा कशाने होतो? गाठीभोवतीचा पहारा ढिला पडला की. हा पहारा म्हणजे पांढऱ्या पेशी. त्या घडवायला आणि टिकवायला अन्न लागते, विशेषतः डाळी, अंडी, दूध, मांस यांतील प्रथिने. दीर्घ उपासमारीत या पेशी घटतात, दुबळ्या होतात. एच.आय.व्ही.चा विषाणू नेमक्या याच पेशी मारतो. त्यावर उपचार नसेल तर इतरांना जन्मभरात जेवढा धोका, जवळपास तेवढा दर वर्षाला असतो. मधुमेहाने धोका दुपटी-तिपटीने वाढतो. तंबाखूचा धूर, दारू, दगडखाणीतील सिलिकाची धूळ, म्हातारपण, काही आजारांत दीर्घकाळ घ्यावी लागणारी स्टेरॉइडसारखी औषधे, ही आणखी कारणे. पहारा सुटला की गाठ आतून विरघळते, तिचे तोंड श्वासनलिकेत उघडते, मोकळा प्राणवायू मिळताच जंतू भराभर वाढतात आणि खोकल्यातून पुढच्या माणसाकडे निघतात.

आता ही यादी घेऊन बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात या. जळकोट, अहमदपूर, लोहा, कंधार, मुखेड. दिवाळीच्या सुमारास येथून टोळ्या निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच खर्ची पडलेली. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडाशेजारी वाकून शिरावे लागेल अशी कोपी. तिच्यातच चूल, तिच्यातच लेकरे, तिच्यातच खोकणारा म्हातारा. पहाटेपासून तोड, मग मोळ्या वाहणे, रात्री-अपरात्री गाडी भरणे. भाकरी आणि तिखट यांवर हे कष्ट. बाई सर्वांत शेवटी जेवते आणि उरले तर जेवते. या फडांवर दलित आहेत, भटके-विमुक्त आहेत, कोरडवाहू तुकड्यावर भागत नसलेले इतर आहेत. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी पोरवयात सुकडी खाऊन दुष्काळी कामांवर खडी फोडली, ते आज साठीच्या घरात किंवा पलीकडे आहेत. तेव्हा छातीत शिरलेला जंतू आज म्हातारपणी उठू शकतो. जंतू जात पाहत नाही, हे खरे. पण पहारा कोणाचा ढिला होणार, हे ताट ठरवते. आणि कोणाच्या ताटात काय पडणार, हे या देशात जात आणि जमीन ठरवीत आली आहे.

हे केवळ भाषणातले वाक्य नव्हे. झारखंडमध्ये २०१९ पासून एक मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. क्षयरुग्णांच्या घरांतील इतर माणसांना, ज्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते, दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. ज्यांना हे मिळाले नाही त्यांच्याशी तुलना करता या घरांत नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिले. फुप्फुसाच्या क्षयाचे जवळजवळ निम्म्याने. जंतू तेच, घरे तशीच. फरक होता तो डाळतांदळाचा.

मात्र एक गैरसमज टाळला पाहिजे. रोग जागा झाल्यावर नुसत्या अन्नाने तो बरा होत नाही. मद्रासच्या संशोधन केंद्राने १९५९ साली दाखवून दिले की योग्य औषधे मिळाली तर गरीब रुग्ण आपल्या घरी, साध्या अन्नावरही सॅनटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो. औषध रोगावर, अन्न रोग जागा होऊ नये म्हणून आणि औषध अंगी लागावे म्हणूनही. औषध नेहमीच्या क्षयाला सहा महिने लागते, कारण झोपलेले जंतू औषधाला सहज दाद देत नाहीत. दोन महिन्यांत खोकला थांबतो, माणूस बरे वाटले म्हणून गोळ्या सोडतो आणि उरलेले जंतू पुन्हा उठतात, कधी औषधाला न जुमानणारे होऊन. गळिताचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा आणि औषधही सहा महिन्यांचे. टोळीत निघालेल्या माणसाचा उपचार तुटतो तो अडाणीपणामुळे नव्हे. उचल फेडायची असते म्हणून.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी काही गोष्टी पदरी बांधाव्यात. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे दिसले की थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती आणि औषधेही फुकट आहेत. रुग्णाच्या घरातील माणसांची तपासणी मागावी आणि रोग नाही याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक गोळ्या मागाव्यात. सुप्त जंतू त्यांनी आटोक्यात येतो. फडावर निघणाऱ्या रुग्णाची निक्षय नोंद दुसऱ्या जिल्ह्यात वळती करून घ्यावी, म्हणजे गोळ्या तेथे मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून रुग्णाला पोषणासाठी दरमहा एक हजार रुपये मिळतात. ते खात्यावर जमा झाले की नाही ते पाहावे. ती रक्कम रुग्णासाठी आहे. घरातील बाकीच्या ताटांचा प्रश्न तिने सुटत नाही. तो रेशनचा, मजुरीचा आणि उचलीच्या फासाचा प्रश्न आहे, आणि तो दवाखान्यात नव्हे, चळवळीत सोडवावा लागेल.

गोळी जंतूला मारील. त्याला जागे करणाऱ्या उपासमारीवर गोळी नाही.